दुहेरी काच

कुओपिओतलं आमचं शोरूम, फेब्रुवारी,
बाहेर उणे अठरा, आत कॉफी फुकट.
हिल्का तान्स्कानेन आली ती बूट आपटत,
पायपुसण्यावर बर्फ नीट झाडून,
आणि तिच्या कोपराला धरून मागे तौनो,
ज्याच्या डोळ्यांनी अकरा वर्षांपूर्वी काम सोडलं.

बर्चचं एक रान विकलं होतं त्यांनी.
"आता एकदा चांगली गाडी घ्यायची," ती म्हणाली,
जसं कोणी म्हणावं, आता एकदाचा दात काढायचा.

मी काळी सेडान दाखवली.
तौनोने तिला बॉनेटपासून डिकीपर्यंत
हातानेच पाहून घेतलं, घोड्याला पाहतात तसं.
मग विचारलं, "मॅन्युअल मिळेल?"

आंधळ्या माणसाला काय करायचंय,
हे मी मनात म्हणालो.
सेल्समनने मनातलं मनातच ठेवायचं असतं,
पगार त्याचाच.
तोंडाने म्हणालो, "या वर्गात आता मॅन्युअल बनतच नाही.
आठ गिअर, ऑटोमॅटिक. बदललेले कळतसुद्धा नाहीत."
"कळतसुद्धा नाहीत," तो म्हणाला.
त्यात कौतुक नव्हतं.

टेस्ट ड्राइव्हला मी मागे बसलो.
गोठलेल्या सरोवराच्या कडेचा रस्ता,
चढ लागला,
आणि हिल्काचा डावा पाय
जिथे काहीच नव्हतं तिथे दाबला गेला.
त्याच क्षणी त्याचा डावा हात पुढे आला,
मधल्या जागेत दांडा शोधत.
सापडली एक गुळगुळीत चकती.
हात तिथेच थांबला,
दुकान बंद झालंय हे माहीत नसलेल्या
गिऱ्हाइकासारखा.

"क्लच माझा, गिअर त्याचा," ती म्हणाली,
आरशात न बघता.
"डोळे गेले तेव्हा घरात बसून भिंतींशी भांडायचा.
म्हटलं, ये, अर्धी गाडी तू चालव.
इंजिन ऐकून टाकायचा. दुसऱ्याचा तिसरा कधी,
हे मी कधी सांगितलं नाही.
एकदाच, भांडण झालं होतं,
तेव्हा घरापर्यंत दुसऱ्यातच आणली."
तौनो खिडकीकडे तोंड करून हसला.

"मग जुनीच का नाही ठेवत?"
"गुडघा. क्लच दाबला की काजवे चमकतात."

मी माझं काम केलं.
तापणाऱ्या सीटा, आणि वर चौदाशे युरो देऊन
दुहेरी काच:
"आत बसलात की बाहेरचं काहीही ऐकू येणार नाही."
हे मी त्या माणसाला सांगितलं.
अजून आठवलं की कान तापतात.
हिल्काने सही केली. घ्यायची तर सगळं घ्यायचं,
असा तिचा हिशेब.

वर्षाने गाडी सर्व्हिसला आली.
मेकॅनिक म्हणाला, उजव्या दारात पाणी गेलंय,
काचेचं रबर रस्त्यावरच्या मिठाने खाल्लंय,
हात टेकायचं चामडं पांढरं पडलंय.
इतकी महाग गाडी
हिवाळाभर खिडकी उघडी टाकून कोण चालवतं?

मी हिल्काकडे पाहिलं.
"हीटर पूर्ण, काच खाली," ती म्हणाली.
"इंजिन तर ऐकूच येत नाही हिचं.
मग तो टायर ऐकतो. डांबर, खडी, पूल,
कुठे बर्फ दाबलेला, कुठे नुसता शिंपडलेला.
आणि चढ आला की म्हणतो, तिसरा."

"गाडी ऐकते?"
"गाडी कशाला ऐकेल? मी ऐकते.
जरा पाय काढते."

रबर बदललं. चामड्याचं राहू दे म्हणाले दोघं,
एकाच वेळी, आणि त्यावरूनही थोडं हसले.

दुहेरी काच मी अजून विकतो.
घर चालवायचं आहे.
फक्त गाडी ताब्यात देताना,
सीटा, कॅमेरे, ती चकती
हे सगळं दाखवायच्या आधी
काच खाली करायचं बटण दाखवतो.